टोकियोत मैत्रिणींसोबत एकच रविवार : अ‍ॅनिमेवेड्यांनी काय बघावं, कुठे खरेदी करावी?

सायलीची_सावली :

मंडळी, मदत हवी आहे.

आम्ही चौघी कॉलेजच्या मैत्रिणी टोकियोत भेटतोय. एक तिथेच निशिकासाईला राहते, बाकी तिघी पुण्याहून तिच्याकडे जाणार. क्योतो, हिरोशिमा, फुजी वगैरे ठरलंय. पण एक रविवार मी हट्टाने मोकळा ठेवलाय. तो फक्त अ‍ॅनिमे (जपानी ॲनिमेशन), मांगा (जपानी कॉमिक्स), खेळणी आणि गेम या दुनियेसाठी.

अडचण अशी की चौघींच्या चार तऱ्हा. मला डोरेमॉनपासून घिबली स्टुडिओच्या सिनेमांपर्यंत सगळंच प्रिय. शाळेतून आल्यावर ताट घेऊन टीव्हीसमोर बसायचं वय गेलं, वेड काही गेलं नाही. दुसरी गंडाम मालिकेतल्या रोबोंची प्लास्टिकची मॉडेलं जोडते, तिच्या दिवाणखान्यात एक अख्खं कपाट त्यांचंच आहे. तिसरी, म्हणजे आमची यजमानीण, वह्या-पेनं-स्टिकरवाली. चौथीचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही. शाकाहारी आहे, देवळं आणि बागा आवडतात. "मी येते, पण मला दिवसभर दुकानात उभं करू नका," असं तिने आधीच बजावलंय. तिला घरी ठेवून जायचं माझ्या मनात नाही. ती नसेल तर तो दिवस आमचा होणारच नाही.

तर प्रश्न : पूर्ण दिवस अकिहाबारालाच, म्हणजे या सगळ्याच्या मुख्य बाजारालाच, द्यावा का? घिबली म्युझियम त्याच दिवसात बसेल का? आणि चौथीचं काय करू?

भटकभवानी :

सायली, आधी घिबलीचं बघ. बाकी सगळं ऐनवेळी ठरवता येतं, हे नाही येत. म्युझियमच्या दारात तिकीट मिळत नाही. दर महिन्याच्या १० तारखेला जपानी वेळेनुसार सकाळी १० वाजता पुढच्या महिन्याची तिकिटं ऑनलाइन सुटतात, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेसहाला. मोठ्यांना १००० येन. तारीख आणि आत शिरायची वेळ तिकिटावरच ठरलेली असते. रविवार हवा असेल तर साडेसहाच्या आधीच लॅपटॉप उघडून बस. चौघींनी चार ठिकाणांहून प्रयत्न केलात तर आणखी बरं.

आणि मंगळवारी बंद असतं, बाकीच्या वाचकांसाठी सांगून ठेवते.

रानवारा :

वाचनखूण साठवली. पुढच्या वर्षी आम्हीही.

काटकोन :

मत वेगळं आहे, राग मानू नका. इतके पैसे खर्चून जपानला जायचं आणि कार्टूनच्या दुकानांत दिवस घालवायचा हे मला पटत नाही. ही खेळणी आता ऑनलाइन घरपोच येतात. त्यापेक्षा त्या दिवशी निक्कोला जा. तिथली देवळं आणि जंगल बघितलंत की चौथी मैत्रीणही खूश होईल.

मांगामनी :

काटकोन, वस्तू घरपोच येते हे खरं. पण मिताकाच्या त्या घिबली म्युझियममध्ये एका अंधाऱ्या खोलीत एक मोठी गोल चकती आहे, ती कशी घरपोच येणार? चकतीवर घिबलीच्या सिनेमातला तोतोरो, मांजर-बस आणि दोरीवरून उड्या मारणारी मुलगी यांच्या छोट्या छोट्या मूर्ती गोलाकार मांडल्यात. प्रत्येक मूर्तीची पोझ शेजारच्या मूर्तीपेक्षा जराशी वेगळी. चकती फिरायला लागते तेव्हा आधी नुसता रंगांचा काला दिसतो. मग दिवा लुकलुकायला लागतो आणि एका क्षणात सगळ्या मूर्ती जिवंत होऊन उड्या मारू लागतात. तोतोरो जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचं पोट हलतं! ॲनिमेशन म्हणजे काय हे माझ्या नवऱ्याला, ज्याने आयुष्यात एकही ॲनिमे पाहिला नव्हता, त्या खोलीत दोन मिनिटांत कळलं. नंतर मी ओढून नेईपर्यंत तो तिथून हलला नाही.

आत फोटो काढायला मनाई आहे आणि माझ्या मते म्हणूनच लोक तिथे खरंखुरं बघतात. गच्चीवर पाच मीटर उंचीचा यंत्रमानव उभा आहे, त्याच्यासोबत फोटो चालतो. तळघरातल्या छोट्या थिएटरमध्ये खास तिथल्यासाठी केलेला लघुपट दाखवतात. आणि आत शिरताना हातात मिळणारं तिकीट म्हणजे खऱ्या फिल्मचा तुकडा असतो. उजेडात धरला की एखाद्या सिनेमातली चौकट दिसते. चौघींना चार वेगळ्या मिळतील. बाहेर बाकावर बसून एकमेकींच्या बघा.

काटकोन :

तुम्ही लिहिलंय ते वाचून ती चकती बघावीशी वाटली हे मान्य. निक्कोचा आग्रह मात्र कायम!

दादरचा_दामू :

मी टोकियोत काही वर्षं नोकरी केली आहे, तेव्हा नकाशाच्या अंगाने सांगतो. नकाशा नीट पाहिला तर तुमचा अर्धा प्रश्न सुटतो.

जेआर या रेल्वे कंपनीची एक पिवळ्या पट्ट्याची लोकल आहे, चुओ-सोबू. प्रत्येक स्टेशनवर थांबणारी, आपल्या धीम्या लोकलसारखी. तिच्यावरची स्टेशनं बघा : अकिहाबारा, मग ओचानोमिझु, योत्सुया, शिंजुकू, नाकानो, किचिजोजी आणि मिताका. म्हणजे घिबलीपासून अकिहाबारापर्यंत सगळं एकाच गाडीवर! इकेबुकुरो, शिबुया, ओदाइबा या दुसऱ्या भागांच्या नादी लागलात तर दिवस जिने चढण्या-उतरण्यात जाईल.

माझा सल्ला : सकाळी थेट मिताका गाठा आणि मग पिवळी लोकल धरून पूर्वेकडे सरकत या. निशिकासाई तोझाई मेट्रोवर आहे. तोझाई सरळ नाकानोला जाते, काही गाड्या तर पुढे मिताकापर्यंतही. संध्याकाळी अकिहाबाराहून हिबिया लाइनने कायाबाचो, तिथे तोझाई पकडली की घर. सकाळी एका टोकाला, रात्री दुसऱ्या टोकाहून घरी, उलटी फेरी नाहीच.

आणि जेआर पास, म्हणजे पर्यटकांचा रेल्वे पास, फक्त या दिवसासाठी मुळीच घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये ७ दिवसांच्या पासची किंमत २९,६५० वरून ५०,००० येन झाली. शहरात फिरायला सुइका किंवा पास्मो कार्ड पुरतं.

सायलीची_सावली :

दामूकाका, हे तर नकाशावर बोट ठेवून दाखवल्यासारखं झालं. यजमानीण मैत्रीण इतकी वर्षं तोझाईने ऑफिसला जाते, पण ती मिताकापर्यंत कधी गेली नाहीये. तिला हा धागा पाठवला.

दादरचा_दामू :

काका म्हणण्याइतका म्हातारा नाही हो मी. पण चालेल.

टिवल्या :

माझं मत : तुम्ही चौघी मुली आहात, अकिहाबारापेक्षा इकेबुकुरोला जा. अकिहाबारात स्टेशनाबाहेर पडलात की भिंतीभर जी पोस्टरं लागतात ती बहुतेक पुरुष गिऱ्हाइकांसाठी असतात. काही दुकानांत वरच्या मजल्यावर पडदा आणि १८ वर्षांची पाटी. मला स्वतःला ते बघत फिरणं आवडलं नाही. इकेबुकुरोत मुलींच्या आवडीच्या मालिकांची दुकानं एका रस्त्यावर आहेत, ओतोमे रोड म्हणतात. ॲनिमेट या दुकानसाखळीचं मुख्य दुकान मार्च २०२३ मध्ये वाढवून पुन्हा उघडलं, ते ॲनिमेचं जगातलं सगळ्यात मोठं दुकान असल्याचं सांगतात. शिवाय सनशाइन सिटी मॉलमध्ये पोकेमॉन सेंटर, आणि गाशापोनच्या (नाणं टाकलं की खेळण्याचा गोळा देणाऱ्या) तब्बल ३००० च्या वर मशिनांचं एकच दुकान. त्याची गिनेसमध्ये नोंद आहे.

मांगामनी :

टिवल्या, पोस्टरचं म्हणणं शंभर टक्के खरं. किशोरवयीन मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी मजल्याची पाटी वाचूनच जिना चढावा. पण म्हणून अकिहाबारा सोडू नये. युद्धानंतर इथे रेडिओच्या सुट्या भागांचा काळाबाजार भरायचा, त्यातून हा बाजार उभा राहिला. स्टेशनच्या पुलाखाली आजही खणाएवढ्या गाळ्यांत कुणी फक्त वायरी विकतं, कुणी फक्त बटणं आणि स्विच. रेडिओ, मग कॉम्प्युटर, मग गेम, मग ॲनिमे असा थरावर थर चढत गेलाय. तो जुना थर बघायला मला जास्त आवडतो.

गंडामवाल्या मैत्रिणीला स्टेशनला लागून असलेल्या योदोबाशी या मोठ्या दुकानात खेळण्यांच्या मजल्यावर सोडा. मॉडेलांच्या खोक्यांच्या भिंतीच्या भिंती आहेत. रेडिओ काइकान या इमारतीतही मजल्यांवर मजले छोटी दुकानं. जुनी इमारत पाडून २०१४ मध्ये नवी उभी राहिली.

पाटणचा_पाहुणा :

रविवारी अकिहाबाराचा मुख्य रस्ता, चुओ-दोरी, दुपारी १ पासून गाड्यांना बंद असतो. एप्रिल ते सप्टेंबर संध्याकाळी ६ पर्यंत आणि ऑक्टोबर ते मार्च ५ पर्यंत. भर रस्त्यात मधोमध चालायची मजा तेव्हाच. तुम्ही रविवारच निवडलात हे छान केलंत.

गंडामगणेश :

दुसऱ्या मैत्रिणीसाठी खास लिहितो, कारण हा माझा विषय!

गनप्ला, म्हणजे गंडामची मॉडेलं, १९८० पासून निघतात. हल्लीच्या किटला गोंद लागत नाही, तुकडे कापून एकमेकांत बसवायचे. टोकियोत गेल्यावर नवीन किटच्या मागे लागू नका, ते भारतातही मिळायला लागलेत. तिथे गंमत सेकंडहँड दुकानांत आहे : बंद झालेले जुने किट, आणि कुणीतरी आधीच जोडून, रंगवून विकायला ठेवलेले. सांध्यांची रंगरंगोटी बघा, शिकायला मिळतं.

आणि मोठी खोकी जागा खातात. खोकं दुकानातच उघडायला लागू नका, पण मुक्कामी परतल्यावर तुकड्यांच्या चौकटी पिशव्यांसकट काढून कपड्यांच्या मधे आडव्या रचा, खोकं घडी करून तळाशी. मी असंच आणतो, अजून एकही तुकडा मोडला नाही.

ओदाइबाला १९.७ मीटर उंचीचा युनिकॉर्न गंडामचा पुतळा २०१७ मध्ये उभारला. त्याआधी तिथे १८ मीटरचा जुना होता. त्या रविवारी मात्र त्याचा विचार नको, एखादी दुसरी संध्याकाळ द्या. जायच्या आधी तो उभा आहे ना, हे तेवढं बघून घ्या.

मोगरेवाली :

चौथीबद्दल कुणीच बोलत नाहीये! मीही आमच्या ग्रुपमधली "चौथी" होते, म्हणून लिहिते.

कंटाळा दुकानांचा येत नाही. आपल्याला न कळणाऱ्या गोष्टीवर बाकीच्या चित्कारत असतात आणि आपण बॅगा धरून उभे, त्याचा येतो. माझ्या मैत्रिणींनी एक छान केलं. प्रत्येक ठिकाणी शिरायच्या आधी एकीने मला सांगायचं की इथे काय आहे, तिला ते का आवडतं आणि तिला ते पहिल्यांदा कुठे भेटलं. दुकानाच्या दारात उभं राहून मैत्रिणीच्या लहानपणाच्या गोष्टी ऐकल्या. इतकी वर्षं एका बाकावर बसून ज्या कळल्या नव्हत्या त्या कळल्या. आजारी असताना कुणी कुठली मालिका बघितली, कुणाच्या भावाने कुठलं खेळणं तोडलं. मला ॲनिमे आजही फारसं कळत नाही. पण तो दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो.

आणि तिला देवळं आवडतात ना? ओचानोमिझुला उतरून कांदा म्योजिनला न्या, अकिहाबारापासूनही चालत जाता येतं. ७३० साली स्थापन झालेलं देवस्थान, सध्याच्या जागी १६१६ पासून आहे. तिथे नवस लिहायच्या लाकडी पाट्या टांगलेल्या असतात आणि निम्म्या पाट्यांवर लोकांनी हाताने ॲनिमेतली पात्रं रेखाटलेली. इतकी सुबक, की आम्ही एकेक वाचत-बघत रेंगाळलो. तुम्हालाही हवं ते मिळेल, तिलाही.

रानवारा :

मोगरेवाली, _/\_

कीबोर्डबहाद्दर :

त्याच देवळात आयटीवाल्यांसाठी ताईत मिळतो, डेटा सुरक्षित राहावा म्हणून. लॅपटॉपला चिकटवायचा. आमच्या हिंजवडीच्या टीमसाठी ढीगभर आणले होते. रिलीजच्या रात्री सगळ्यांच्या लॅपटॉपवर ते स्टिकर!

पाटणचा_पाहुणा :

मग रिलीज झालं का नीट?

कीबोर्डबहाद्दर :

झालं की! मॅनेजर तेव्हापासून दर वेळी विचारतो, जपानला कोण चाललंय.

अन्नपूर्णेश्वरी :

शाकाहाराचं मी सांगते. मांस टाळणं सोपं, मासा टाळणं अवघड. दाशी नावाचा रस्सा जवळपास सगळ्याला लागतो आणि तो बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाचा असतो. नुसती भाजी दिसणारं सूप, नूडल्सचं पाणी, वांग्यावरचा सॉस, सगळ्यात तो असू शकतो. "मांस नको" एवढं सांगून भागत नाही, "माशाचं पाणीही नको" हे जपानीत लिहून जवळ ठेवा. यजमानीण लिहून देईलच.

त्या दिवशी सोपा उपाय म्हणजे डबा. निशिकासाईत भारतीय वाणसामानाची दुकानं आहेत, पीठ-मसाले सगळं मिळतं. सकाळी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून घ्या. घिबली म्युझियम इनोकाशिरा बागेच्या कडेला आहे. बघून झालं की बागेतून किचिजोजीकडे चालत या, तळ्याकाठी बाकावर बसून खा. तिथे रस्त्यातून चालता चालता खाणं बरं दिसत नाही, पण बागेत बसून डबा खाणं अगदी रीतीचं. कचऱ्याचे डबे फार दिसत नाहीत, एक रिकामी पिशवी जवळ ठेवा. रात्रीसाठी कोको इचिबान्या या करीवाल्या हॉटेलांच्या बऱ्याच शाखांत मांस-मासे नसलेला करी-भात मिळतो, विचारून घ्या.

वह्या-पेनंवालीला किचिजोजीच्या गल्ल्यांत सोडा. छोटी छोटी कागदाची, शिक्क्यांची, स्टिकरची दुकानं आहेत. गिन्झाचं इतोया हे वह्या-पेनांचं मोठं दुकान १९०४ पासूनचं, पण ते वेगळ्या दिवशी.

सायलीची_सावली :

दशम्या! चौथीला हे वाचून दाखवलं, ती आत्ता पहिल्यांदा खुलली. म्हणाली बागेचं पक्कं, देऊळ पक्कं, आणि "तुमच्या त्या चकतीच्या खोलीत मीही येते".

जुनी_खिडकी :

मी साठी ओलांडलेला वाचक आहे, सहसा लिहीत नाही. काटकोन यांनी काढलेल्या मुद्द्यावर एक सांगावंसं वाटतं.

जपानी ॲनिमेशन आपल्या घरात आजचं नाही. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा आणि आमच्या सोसायटीचं मैदान ओस पडायचं. ती मालिका जपानमध्ये तयार झाली होती. १९९३ चा रामायणावरचा ॲनिमेशनपट तर युगो साको या जपानी माणसाच्या ध्यासातून झाला, आणि दिग्दर्शकांत आपले राम मोहन होते. भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणतात त्यांना. तो सिनेमा जानेवारी २०२५ मध्ये आपल्याकडे पुन्हा थिएटरांत लागला, तेव्हा मी नातवाला घेऊन गेलो. वानरसेना समुद्रावर सेतू बांधते तेव्हा नातू खुर्चीच्या कडेवर सरकून बसला होता. त्या पिढीने हाताने रंगवलेली ती चित्रं.

तेव्हा या मुली जे बघायला निघाल्यात, त्यात आपलाही थोडा हिस्सा आहे. खुशाल जा. तिकडच्या लोकांना आपला रजनीकांतचा 'मुथू' १९९८ पासून माहीत आहे आणि 'आरआरआर' तर त्यांनी डोक्यावर घेतला. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी आहे.

काटकोन :

आजोबा, मोगली जपानचा होता हे मला आज कळलं. मी त्याच मैदानातला मुलगा. निक्को मागे घेतो.

टिवल्या :

निक्को मागे घेतला, ऐतिहासिक क्षण!

नाकानोनिवासी :

उशिरा आलो. नाकानोबद्दल अजून कुणी नीट लिहिलं नाही. मी तिथेच राहतो, म्हणून आग्रहाने लिहितोय. एक दिवस असेल तर मी अकिहाबाराचा वेळ कापेन, नाकानोचा कापणार नाही.

स्टेशनच्या उत्तर बाजूला उतरलात की समोर छत असलेला बाजार, सन मॉल. सरळ चालत गेलात की शेवटी नाकानो ब्रॉडवे. १९६६ ची इमारत, खाली दुकानं, वर घरं. १९८० मध्ये इथल्या एका छोट्या गाळ्यात मांदाराके हे जुन्या मांगांचं दुकान सुरू झालं. आज त्याच दुकानाचे वेगवेगळ्या विषयांचे विभाग इमारतभर पसरलेत : एकीकडे पत्र्याची जुनी खेळणी, एकीकडे मांगा, एकीकडे पोस्टर. एका दुकानाच्या दाराशी देवळासारख्या लाल तोरी कमानी. मधेच घड्याळांची दुकानं आणि तळघरात भाजी, मासे. शेजारची आजी कोथिंबीर-कांदे घ्यायला येते आणि बाजूला चाळिशीतला माणूस काचेला नाक लावून लहानपणीचा रोबो बघत उभा असतो.

काचेच्या कपाटांत प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी असते, ती यजमानीणीकडून वाचून घ्या. खोक्याचा कोपरा दबलाय, डाव्या हाताचा रंग उडालाय, एक सुटा भाग नाही, सगळं प्रामाणिकपणे लिहिलेलं. दोन सारख्या दिसणाऱ्या बाहुल्यांच्या किमतीत दुपटीचा फरक का, ते त्या चिठ्ठीत कळतं. चिठ्ठीत लिहिलेला दोष दाखवून घासाघीस करू नका, तो किमतीत धरलेलाच असतो.

दुकानं बहुतेक दुपारी १२ ला उघडतात, म्हणजे सकाळी मिताका हे बरोबर बसतं. तळघरात आठ थरांचं आइस्क्रीम मिळतं, आठ वेगवेगळ्या चवी एकावर एक. चौघींनी एकच घ्या आणि लवकर खा, ते कलायला लागतं!

भटकभवानी :

नाकानोनिवासी, कसलं लिहिलंयत. आम्ही दर वेळी शिंजुकूहून पुढे न जाता परतलो. शिंजुकूहून जलद गाडीने पहिलंच स्टेशन ना हे?

नाकानोनिवासी :

हो, पाचेक मिनिटं.

पिठूरचांदणं :

योत्सुयाला उतरून सुगा देवळाच्या पायऱ्या बघता येतील, २०१६ च्या 'किमि नो ना वा' या ॲनिमेपटाच्या शेवटी येतात त्या. मी गेले तेव्हा डोळे भरून आले होते.

फक्त एक विनंती. ती लोकांच्या घरांमधली गल्ली आहे. हळू बोला, फोटो काढून पुढे व्हा, कुणाच्या दारात बसू नका. कामाकुराच्या त्या रेल्वे फाटकाचं, जे 'स्लॅम डंक' या ॲनिमेमुळे प्रसिद्ध झालं, तिथे गर्दीमुळे रहिवाशांना किती त्रास होतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय. माणसं रुळांजवळच्या रस्त्यात मधोमध उभी राहतात, गाडीवाले ताटकळतात. आपल्या आवडत्या गोष्टीमुळे कुणाला आपलं घर नकोसं व्हावं, हे फार वाईट.

मांगामनी :

अगदी अनुमोदन. मेड कॅफेतही, म्हणजे मोलकरणीच्या पोशाखातल्या मुली वाढतात त्या कॅफेत, हेच. जायचं असेल तर रस्त्यात पत्रकं वाटणाऱ्यांच्या मागे न जाता आधी दर बघून चांगल्या ठिकाणी जा आणि परवानगीशिवाय तिथल्या मुलींचे फोटो काढू नका.

अन्नपूर्णेश्वरी :

मला तर वाटतं मेड कॅफे गाळावा. तासाचे पैसे वेगळे, खाणं वेगळं. त्या पैशात गाशापोनची किती मशिनं फिरतील!

गंडामगणेश :

गाशापोनसाठी १०० येनची नाणी जमवून ठेवा. साधारण ३०० ते ५०० येनला एक गोळा. तेच ते पुन्हा आलेले एकमेकींत बदला, चौघी असण्याचा तोच फायदा. आणि पंजाने खेळणी उचलायच्या मशिनवर वस्तू अडली तर तिथल्या कर्मचाऱ्याला हाक मारा. बऱ्याचदा ते येऊन वस्तू सोयीच्या जागी सरकवून देतात.

हिशेबी_माणूस :

कराचं कुणी बोललं नाही म्हणून. एकाच दुकानात एका दिवसात कर सोडून ५,००० येन किंवा जास्त खरेदी झाली तर परदेशी पर्यटकांना १० टक्के उपभोग कर माफ. मूळ पासपोर्ट लागतो, फोटो चालत नाही. यजमानीण तिथली रहिवासी, तिला ही सवलत नाही. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलते : आधी पूर्ण किंमत भरायची, देश सोडताना विमानतळावर माल दाखवून परतावा घ्यायचा. तेव्हा तुमची तारीख कुठली ते बघा. परतावा असेल तर खरेदी सामानात तळाशी पुरू नका.

सायलीची_सावली :

सगळ्यांनी इतकं दिलंय की प्रिंट काढून पासपोर्टच्या पाकिटात ठेवणार आहे. ठरलं ते असं :

१० तारखेला साडेसहाला चौघींनी लॅपटॉपवर बसायचं. मिळालं तर सकाळी पहिल्या स्लॉटला घिबली, मग बागेत दशम्या, किचिजोजीत वह्या. दुपारी नाकानो, तिथे घड्याळ बघायचं नाही. वाटेत योत्सुयाच्या पायऱ्या, आवाज न करता. ओचानोमिझुला उतरून देऊळ, आणि तिथून चालत अकिहाबारा, गंडामवाली दमेपर्यंत. घिबली नाही मिळालं तरी बाग आणि बाकीचं सगळं आहेच. इकेबुकुरो पुढच्या वेळी, टिवल्या, नक्की. आणि मोगरेवाली, तुमचा दारात उभं राहून गोष्ट सांगायचा नियम आम्ही लागू केलाय. चौथीने त्यात भर घातली : देवळाच्या दारात ती बोलणार, आम्ही ऐकणार.

शेवटचा एक प्रश्न नाकानोनिवासींना. तिथे जुन्या ॲनिमेची हाताने रंगवलेली मूळ चित्रं, म्हणजे 'सेल', मिळतात म्हणे. मला एक घ्यायचंच आहे. काय बघून घ्यावं?

नाकानोनिवासी :

मिळतात, आणि तुम्ही विचारलंत याचा फार आनंद झाला. पारदर्शक प्लास्टिकवर पुढून रेषा, मागून रंग. एकेका सेकंदासाठी अशी कितीतरी लागायची. बहुतेक स्टुडिओंनी साधारण २००० च्या आसपास हे काम कॉम्प्युटरवर नेलं. 'साझाए-सान' ही मालिका शेवटपर्यंत चिकटून राहिली, २०१३ पर्यंत. म्हणजे आता नवीन सेल होत नाहीत, आहेत तेवढीच.

घेताना पात्राचे डोळे उघडे आहेत का ते बघा, मिटलेल्या डोळ्यांची सेल स्वस्त असतात. मला मात्र तीच आवडतात. मागच्या बाजूचा रंग तडकलाय का, मागचा कागद चिकटलाय का, हे दुकानदाराला दाखवायला सांगा. चिकटलेला कागद स्वतः ओढू नका, रंग निघून येतो. प्रसिद्ध पात्रांच्या किमती डोळे पांढरे करतील, पण गर्दीतली माणसं, कुत्री, बसचे प्रवासी यांची सेल परवडतात, आणि रंगवणाऱ्याने तितक्याच मन लावून रंगवलेली असतात. परतताना दोन पुठ्ठ्यांच्या मधे सपाट, हातातल्या सामानात. पुण्याच्या उन्हात भिंतीवर लावू नका, रंग उडेल. फाइलमध्ये ठेवा आणि मैत्रिणी आल्या की काढून दाखवा.

जायच्या आठवड्यात मला इथेच निरोप टाका. त्या रविवारी मी गावात असलो तर कुठला विभाग कुठल्या मजल्यावर ते स्टेशनवरच कागदावर काढून देईन.